काठी मारायची की दाखवायची?

अध्यापक विद्यालयात असताना आम्ही स्किनरची पेटी पाठ केली होती. पेटीत भुकेला उंदीर, भिंतीला खटका, खटका दाबला की अन्नाची गोळी. आकृती काढायची, भागांना नावे द्यायची आणि खाली ‘साधक अभिसंधानाचे शैक्षणिक महत्त्व’ पाच मुद्द्यांत लिहायचे. गुण बरे पडायचे. पण पहिल्यांदा तो खटका उंदराने दाबलाच कसा, त्याला तिथवर कोणी आणि कसे नेले, हे आम्हांला कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. पुढे नोकरी लागली, करकंबला आलो, आणि टेबलावर छडी आली. ती नकाशा दाखवण्यासाठी आहे असे आम्ही सांगत असू. मुलांचे मत वेगळे होते.

हे आठवण्याचे कारण म्हणजे आम्ही तीनचार शिक्षकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मिळून वाचलेले दोन मजकूर. पहिला बी. एफ. स्किनर यांचा ‘प्राण्यांना कसे शिकवावे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख. तो ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात डिसेंबर १९५१ मध्ये आला होता. दुसरे कॅरन प्रायर यांचे ‘डोन्ट शूट द डॉग’ हे १९८४ सालचे पुस्तक. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण शब्दकोश शेजारी असला तर शाळेतल्या इंग्रजीवर वाचून होतात. दोन्हींचा विषय वरवर पाहता कुत्रा आणि इतर प्राणी असा आहे. प्रत्यक्षात दोघांचाही डोळा माणसांवर आहे, आणि म्हणूनच शिक्षकाने ते वाचताना जरा हात राखून वाचावे असे आमचे मत झाले.

आधी स्किनरचा लेख घेऊ. तो जेमतेम काही पानांचा आहे आणि स्वयंपाकाच्या पुस्तकासारखा लिहिलेला आहे. कुत्रा भुकेला असू द्या. खाऊचे बारीक तुकडे करा. एक आवाज ठरवा. स्किनरने मुलांचे ‘टिक्-टॉक’ वाजणारे पत्र्याचे खेळणे सुचवले आहे. आवाज केला की लगेच तुकडा द्या, असे पुष्कळदा करा. मग तो आवाजच कुत्र्याला ‘आता मिळणार’ असे सांगू लागतो. एवढे झाले की शिकवणे सुरू. कुत्र्याने बुटक्या कपाटाच्या मुठीला नाक लावावे असे वाटत असेल, तर तो आधी नुसता तिकडे वळला तरी आवाज करा, मग पाऊल टाकले तर, मग जवळ गेला तर. दर वेळी मागणी थोडी वाढवत न्यायची. मुठीच्या जागी काठीचे टोक ठेवले की झाली आजच्या कुत्रे शिकवणाऱ्यांची खुणेची काठी. टोकाला नाक लाव, खाऊ मिळेल, एवढे एकदा पक्के झाले की काठी जिकडे जाईल तिकडे कुत्रा जातो. त्याला ओढावे लागत नाही, ढकलावे लागत नाही, त्याच्या अंगाला हातही लावावा लागत नाही.

वाचून आमच्यातल्या एकाला राहवले नाही. करकंबच्या रानात, उसाच्या कडेला वस्तीवर त्यांच्या मामांचा मोती नावाचा कुत्रा आहे, लस टोचलेला, माणसांत वाढलेला. (गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर मुलांना घेऊन असला प्रयोग मुळीच करू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.) एका रविवारी आम्ही तुराटी घेऊन तिथे गेलो. सोबत सातवीतली दोन मुले आणि एक मुलगी होती. मामा बाजेवरून म्हणाले, “गुरुजी, कुत्र्याला शाळेत घालताय व्हय?”

तुराटी उचलताच मोती शेपूट पायांत घालून गोठ्यामागे गेला.

स्किनरच्या लेखात ही अडचण नाही. त्याच्या कुत्र्याला काठीचा पूर्वेतिहास नव्हता. आपल्याकडच्या कुत्र्याला हातातली काठी म्हणजे काय हे जन्मापासून माहीत असते. म्हणजे आमचा पहिला धडा ‘काठीला नाक लाव’ हा नव्हताच. काठीचा आधीचा अर्थ पुसणे हा होता, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त दिवस गेले. तुराटी जमिनीवर टाकून ठेवली. आम्ही लांब बसलो. मोतीने तिच्याकडे नुसते पाहिले की जिभेने ‘टॉक्’ करायचे आणि भाकरीचा नखाएवढा तुकडा टाकायचा. पहिल्या दिवशी एवढेच झाले. दुसऱ्या रविवारी त्याने तिचा वास घेतला. तिसऱ्या रविवारी तुराटी आमच्या हातात होती, पण टोक जमिनीला टेकलेले.

टोकाला आम्ही लाल चिंधी बांधली होती, उठून दिसावी म्हणून. ती आमच्या डोळ्यांना उठून दिसत होती. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात. लाल आणि हिरवा हे जवळपास सारखेच, मळकट. ‘कुत्र्याला सगळे काळेपांढरे दिसते’ हे वाक्य आम्ही स्वतः वर्गात सांगितलेले आहे, तेही चूकच. वाळक्या गवतावरची आमची लाल चिंधी मोतीच्या लेखी गवताचाच एक भाग असावी. मुलांनी तिच्या जागी जुन्या निळ्या कापडाची पट्टी बांधली.

नंतर एक चूक आमच्याकडून सतत होत राहिली. मोती चिंधीला नाक लावायचा, मग मान वर करून आमच्या तोंडाकडे पाहायचा, आणि नेमका त्या क्षणी आमचा ‘टॉक्’ निघायचा. दहाबारा वेळा असे झाल्यावर तो चिंधीचा नाद सोडून आमच्या तोंडाकडे आणि खिशाकडे पाहत बसला. आम्हांला वाटले, कुत्रा मठ्ठ आहे. मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही लई उशिरा टॉक करताय.” काम तिच्याकडे दिले. तिचा आवाज नाक टेकल्याबरोबर निघत होता. अर्ध्या तासात मोती तिच्या तुराटीमागे अंगणभर फिरू लागला. महिन्याअखेरीस तो स्टुलाभोवती गोल फिरून परत येत होता.

स्किनरच्या लेखाचे खरे मोल इथे आहे. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने आधी आपली वेळ आणि आपली पायरी तपासावी, हे तो उपदेश न करता दाखवतो. कुत्रा नेमके तेच शिकला जे आम्ही शिकवले. फक्त आम्ही काय शिकवतो आहोत हे आम्हांला ठाऊक नव्हते. लेखाच्या उत्तरार्धात स्किनर आईचे उदाहरण देतो. मूल हळू बोलते तेव्हा आई कामात असते. मूल किंचाळले की वळून पाहते. पुढच्या वेळी साध्या किंचाळण्याने भागत नाही. असे करत करत नको असलेली सवय आईच पायरीपायरीने घडवते, अगदी तुराटीवर कुत्रा घडवावा तशी.

आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याच्यावर दिवसातून वीसदा तरी “खाली बस” असे ओरडावे लागे. हा परिच्छेद वाचून झाल्यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोलले नाही. अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गावरचा एक अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला होता, तो नेमका यावरच आहे. मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षिकांना काही दिवस ‘खाली बसा’ असे जास्त वेळा म्हणायला सांगितले. मुले ऐकून बसत, म्हणून शिक्षिकेला उपाय लागू पडला असे वाटे. पण एकूण उभे राहण्याचे प्रमाण वाढले. बसून काम करणाऱ्याचे कौतुक सुरू केले तेव्हा ते घटले. आपल्या पाठ्यपुस्तकात उंदराच्या आकृतीऐवजी हा एक अभ्यास छापला असता तर आमची काही वर्षे वाचली असती.

पण स्किनरच्या लेखात एक फुशारकीही आहे. कृती सोपी, कुणालाही जमेल, कोणत्याही प्राण्यावर चालेल, असा एकूण सूर आहे. हा फुगा त्याच्याच विद्यार्थ्यांनी फोडला. केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने १९४० च्या दशकात स्किनरची प्रयोगशाळा सोडून प्राणी शिकवण्याचा धंदा काढला. कोंबड्या, डुकरे, रकून, किती तरी जातींचे प्राणी जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी तयार केले. मग १९६१ मध्ये त्यांनी ‘प्राण्यांचे गैरवर्तन’ अशा अर्थाच्या नावाचा एक निबंध लिहिला. स्किनरच्या १९३८ च्या ‘प्राण्यांचे वर्तन’ या ग्रंथाच्या नावावर तो कोपरखळी होता. डुकराला लाकडी नाणे उचलून डब्यात टाकायला शिकवले. काही आठवडे छान चालले; मग डुक्कर वाटेतच नाणे टाकून नाकाडाने उकरत बसू लागले. रकूनला दोन नाणी दिली की तो ती एकमेकांवर घासत बसे, डब्याच्या तोंडाशी बुडवून परत काढी, पण सोडत नसे. बक्षीस लांबत होते, पोट रिकामे होते, तरी हे वाढतच गेले. जो प्राणी अन्न उकरून किंवा पाण्यात चोळून खातो, त्याच्या लेखी अन्नाशी जोडलेले नाणेही उकरण्याचे आणि चोळण्याचेच. प्राणी कोरी पाटी होऊन शिकायला येत नाही, हे बक्षिसे देण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ब्रेलँड दांपत्याचे नावही नव्हते.

यासाठी अमेरिकेपर्यंत जायलाच हवे असेही नाही. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांचे कुत्रे पाहा. त्यांना कुणी ‘टॉक्’ करून भाकरी देत शिकवलेले नसते. पिल्लू मेंढरांतच वाढते. रात्री वाघरीत, दिवसा कळपाबरोबर. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत आपले कोण आणि परके कोण हे ठरवण्याचा काळ असतो. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. त्या काळात ज्यांच्या अंगाला अंग लावून झोपला, ते त्याचे. पुढे लांडगा आला की कुत्रा उभा राहतो तो बक्षिसासाठी नव्हे. स्किनरच्या लेखात या शिकण्याला जागाच नाही.

आता प्रायर यांचे पुस्तक. बाई हवाई बेटांवर १९६० च्या दशकात डॉल्फिन शिकवत असत. डॉल्फिनला चाबूक मारता येत नाही, दोरी बांधता येत नाही. रागावलात तर तो पोहून पलीकडे जातो. म्हणून शिट्टी आणि मासळीची बादली एवढेच हत्यार हाती उरते. या अडचणीतून आलेली नम्रता पुस्तकभर आहे, आणि तीच त्याची गोडी. पुस्तकाचे नावही तसेच खोडकर. नको असलेली सवय घालवण्याचे आठ मार्ग बाई मोजतात, त्यांतला पहिला: रात्री भुंकणाऱ्या कुत्र्याला गोळी घाला. हमखास लागू पडतो! दुसरा शिक्षा. तिच्याबद्दल बाईंचे निरीक्षण शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावण्यासारखे आहे: शिक्षेने वागणे सुधारले नाही की माणूस शिक्षा वाढवतो, पद्धत बदलत नाही. पुढचे मार्ग एकेक करत नको त्या वागण्याशी न जुळणारे दुसरे वागणे शिकवण्यापर्यंत आणि मुळात ते वागणे का होते हे पाहण्यापर्यंत जातात. दारात उड्या मारणाऱ्या कुत्र्याला सतरंजीवर बसायला शिकवा. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही. हे वर्गात जसेच्या तसे वापरता येते आणि आम्ही वापरले. त्या ‘खाली बस’वाल्या मुलाकडे वह्या वाटण्याचे काम दिले. काम आणि गोंधळ एकाच वेळी होत नाहीत. तो शहाणा झाला असे म्हणवत नाही, पण आमचा घसा बरा आहे.

तक्रारी दोन आहेत. पहिली पुराव्याची. माणसांची उदाहरणे बाई गोष्टींच्या रूपात देतात: अमक्याने शेजाऱ्याला असे वळवले, तमकीने सासूला तसे. सगळ्या गोष्टी यशाच्या. पद्धत चालली नाही अशी गोष्ट शोधावी लागते. ‘टिक्-टॉक’ आवाजाचा बराच उदोउदो १९९९ च्या सुधारित आवृत्तीत आहे, आणि त्यानंतर जगभर या खेळण्याचा व्यापारही झाला. कुणी मोजून पाहिले तेव्हा चित्र इतके उजळ दिसले नाही. स्मिथ आणि डेव्हिस यांच्या २००८ च्या प्रयोगात आवाजाने कुत्रे लवकर शिकले नाहीत. फक्त खाऊ बंद केल्यावर शिकलेले जरा जास्त काळ टिकले. इटलीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवाज, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ या तिन्हींत फरक आढळला नाही. आमच्या जिभेचा फुकटचा ‘टॉक्’ दुकानातल्या खेळण्याहून कमी नाही, एवढे यावरून नक्की. शिक्षेबद्दल मात्र बाईंचे म्हणणे नंतरच्या मोजणीत उभे राहिले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० साली आला. हिसके आणि धाक वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त होती आणि शिकवणीनंतर लाळेतले कॉर्टिसॉल वाढलेले होते.

दुसरी तक्रार मोठी आहे. बक्षीस म्हणजे काय, हा प्रश्न पुस्तक फार लवकर मिटवते. शिकणाऱ्याला हवे ते बक्षीस, बस. मुलांच्या बाबतीत हे इतके सरळ नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्रे काढण्याची ज्यांना मुळात आवड होती अशीच मुले घेतली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी चांदणीचे प्रमाणपत्र मिळेल. काहींना अचानक दिले. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या बोलीवर काढणारी मुले त्यांच्याकडे इतरांपेक्षा कमी फिरकली. आवडीच्या कामाची मजुरी झाली की मजुरी थांबल्यावर काम थांबते. मोतीला स्टुलाभोवती फिरण्याची मुळात आवड नव्हती, म्हणून तिथे भाकरीने नुकसान झाले नाही. पण वाचनाची गोडी लागलेल्या मुलीला दर पुस्तकामागे पेन्सिल देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची सूचना या पुस्तकात मिळत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: ज्याला वाचता येतच नाही, त्याला पहिल्या ओळीसाठी पेन्सिल देण्यात काही पाप नाही.

आणि आपला बक्षीस समारंभ? एप्रिलच्या परीक्षेचे बक्षीस जानेवारीच्या स्नेहसंमेलनात. स्किनरच्या अर्थाने ते प्रबलन नव्हेच. गावासमोरचा मानपान आहे. त्यालाही शाळेत जागा असेल, पण ‘आम्ही मुलांना प्रोत्साहन देतो’ असे अहवालात लिहिताना हा फरक लक्षात असावा.

बक्षीस म्हणजे खाऊच, हेही खरे नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केले आहे. त्यांच्या २०१७ च्या अभ्यासात अनोळखी माणसाने पुन्हापुन्हा खाऊ देण्यापेक्षा अंगावरून हात फिरवल्याने कुत्र्यांचा विश्वास जास्त बसला. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवले. अनेक कुत्री घाबरून जवळ आलीच नाहीत. जी आली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे गेली. ही कुत्री कुणी शिकवलेली नव्हती. म्हणजे काठीचे टोक पाहायला शिकवण्याआधीच कुत्रा आपला हात वाचत असतो, आणि जी आली नाहीत तीही बहुधा हातच वाचत होती.

पाठ्यपुस्तकांबद्दल आणखी एक. पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि घंटा आपण सगळ्यांनी शिकवली. पाव्हलॉव्हने घंटा क्वचित वापरली; ठोके देणारे मेट्रोनोम, बझर, दिवे, कातडीला स्पर्श अशी त्याची साधने होती, कारण त्याला उद्दीपक मोजून बदलता यायला हवा होता. शाळेत घंटा असते म्हणून आपल्याला घंटा पटली असावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. टेबलावरची छडी गेली. आमच्या वर्गात नकाशा दाखवायला आता एक बांबूची कामटी आहे, टोकाला निळी पट्टी बांधलेली. पट्टी मुलांनी बांधली, मोतीची उरलेली. तरी परवा भीमेचा उगम दाखवण्यासाठी आम्ही ती झटकन वर केली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलाने डोळे मिटले. त्याला या शाळेत कुणी कधी मारलेले नाही.

मोतीकडे आम्ही अजून अधूनमधून जातो. निळी चिंधी दिसली की तो गोठ्यापासून पळत येतो. चिंधी सोडून तीच तुराटी उचलली की थबकतो, आणि एक पाऊल मागे घेतो.